नरकाचं तिकीट आणि पेरणीचे दिवस

१९९२ साली इटलीतल्या सानरेमो या समुद्रकाठच्या गावातून एक कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिचं नाव ‘इल तेम्पो देल्ला सेमिना’. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘पेरणीचे दिवस’. आणि वाजवणाऱ्या बँडचं नाव होतं ‘बिल्येत्तो पेर लिन्फेर्नो’, म्हणजे ‘नरकाचं तिकीट’. डिस्क नवी होती, पण तिच्यातला आवाज सतरा वर्षं जुना होता. ही गाणी १९७५च्या सुमारास ध्वनिमुद्रित झाली, टेपवर चढली आणि टेपवरच राहिली. जी कंपनी ती काढणार होती, ती कंपनीच बंद पडली. मग बँड फुटला आणि सगळे आपापल्या वाटेनं गेले. पंचविशीतल्या पोरांचं गाणं ती पोरं चाळिशीला आल्यावर लोकांच्या कानावर पडलं.

इटलीतल्या रॉक संगीताशी आपलं काय देणंघेणं, असं कुणी विचारील. खरं आहे, काहीच नाही. पण मी कविता लिहिणारा माणूस आहे, आणि तयार होऊनही लोकांपुढे न आलेल्या गोष्टींबद्दल कवीला जरा जास्त जिव्हाळा असतो. प्रत्येकाच्या घरात तशी एखादी वही असतेच. मात्र कवीची वही कवीच्या घरात असते. प्रकाशकानं दुकान बंद केलं तरी वही फडताळात राहते, हवी तेव्हा काढून कुणालाही वाचून दाखवता येते. बँडचं तसं नसतं. स्टुडिओचं भाडं कंपनी भरते आणि मूळ टेप कंपनीच्या कपाटात जाते. ज्यानं गायलं त्याच्या हातात उरते ती फार तर एखादी कॅसेट. कपाटाची किल्ली हरवली की गाणंही हरवलं.

या पोरांचं संगीत कुठल्या जातीचं होतं, ते आधी सांगतो. १९६९-७०च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉकवाल्यांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. किंग क्रिमझन, जेनेसिस, येस अशा मंडळींनी वीस-वीस मिनिटांच्या रचना बांधायला सुरुवात केली. एका रचनेत चार-पाच लयी, मध्येच बाखची आठवण करून देणारा ऑर्गन, मग एकदम बासरी, मग गिटारचा गडगडाट. आपल्या संगीत नाटकात एखादं पद रंगलं की नटही घड्याळ विसरायचा आणि प्रेक्षकही, तसा काहीसा प्रकार. याला पुढे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ असं नाव पडलं. ‘पुरोगामी’ असं भाषांतर करायला गेलो तर ऐकणाऱ्याला परिसंवादाची आठवण होईल, म्हणून इंग्रजी शब्दच राहू देतो. इटलीत तर त्या काळी याला नुसतं ‘पॉप’च म्हणत.

गंमत अशी की या इंग्रज बँडना त्यांच्या घरच्यांपेक्षा इटलीनं आधी डोक्यावर घेतलं. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडची ‘पॉन हार्ट्‌स’ ही तबकडी विलायतेत फारशी कुणी विचारली नाही. इटलीत मात्र ती १९७२ साली विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली. याचं कारण मला वाटतं तसं सांगतो. इटलीतल्या माणसाच्या कानावर ऑपेरा लहानपणापासून पडलेला असतो. गाण्यात नाटक असावं, आवाज कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जावा, मध्ये वाद्यवृंदानं कथा पुढे न्यावी, हे त्याला शिकवावं लागत नाही. शिवाय बऱ्याच पोरांनी गावच्या संगीतशाळेत पियानो किंवा बासरी रीतसर शिकलेली. त्यांना विजेचा ऑर्गन आणि सिंथेसायझर मिळायचा अवकाश, इटलीभर बँडच बँड झाले.

आणि त्यांची नावं! ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’, म्हणजे ‘पारितोषिकप्राप्त मार्कोनी बेकरी’. (रेडिओवाल्या मार्कोनीचा संबंध नाही, खरोखरच्या एका बेकरीवरून घेतलेलं नाव.) ‘बांको देल मुतुओ सोक्कोर्सो’, म्हणजे ‘परस्पर साहाय्य बँक’, आपल्या पतपेढीच्या पाटीवर शोभेल असं. ‘क्वेल्ला वेक्किया लोकान्दा’, म्हणजे ‘ती जुनी खाणावळ’. आणि माझं सगळ्यात आवडतं, ‘राक्कोमान्दाता रिचेवुता रितोर्नो’. पोस्टात जाऊन आपण ‘रजिस्टर, पोचपावतीसह’ म्हणतो, नेमकं तेच. या शेवटच्या बँडनं १९७२ साली एक तबकडी काढली आणि पुढे बरीच वर्षं पोचपावती काही आली नाही. असो.

यांतले दोन-चार बँड मोठे झाले. बेकरीवाल्यांना तर विलायतेत मान मिळाला. त्यांच्या संगीतावर पीट सिनफील्ड या इंग्रज गीतकारानं नवे इंग्रजी शब्द बांधले आणि १९७३ साली ती तबकडी बाहेरच्या जगात गेली. पण आज मला मोठ्यांविषयी बोलायचं नाही.

उत्तर इटलीत कोमो नावाचं तळं आहे. उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखा त्याचा आकार. त्याच्या पूर्वेकडच्या फाट्याच्या टोकाला लेक्को हे गाव, मागे दातेरी डोंगर, गावात लोखंडाचे जुने कारखाने. इटलीतल्या प्रत्येक शाळकरी पोराला हे गाव माहीत असतं, कारण मान्झोनीची ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ ही एकोणिसाव्या शतकातली प्रसिद्ध कादंबरी इथेच सुरू होते. त्या कादंबरीत क्रिस्तोफोरो नावाचा एक साधू आहे. तरुणपणी रस्त्यातल्या भांडणात त्याच्या हातून खून झालेला असतो, त्या पश्चात्तापानं तो मठात गेलेला. त्याचा मठ लेक्कोलाच लागून असलेल्या पेस्कारेनिको या कोळ्यांच्या वस्तीत. हा साधू जरा लक्षात ठेवा.

या लेक्कोत १९७२ साली दोन स्थानिक बँड मोडून एक नवा बँड झाला, तोच ‘नरकाचं तिकीट’. सहा जण होते. क्लाउदिओ कानाली गायचा आणि बासरी वाजवायचा. गिटारवर मार्को माइनेत्ती, बास गिटारवर फाउस्तो ब्रान्किनी, ड्रम्सवर माउरो न्येक्की. आणि पेटीवर, म्हणजे ऑर्गन-पियानो-सिंथेसायझरवर, दोघे जण, दोघांचंही नाव जुझेप्पे. एक जुझेप्पे कोस्सा आणि दुसरा जुझेप्पे बान्फी, ज्याला सगळे ‘बाफ्फो’ म्हणत. बाफ्फो म्हणजे मिशी. आपल्याकडे ‘मिशीवाला’ म्हणावं तसं. दोन-दोन कळफलकवाले असल्यामुळे या बँडचा आवाज भरदार होता. एकाचा ऑर्गन जमिनीसारखा खाली पसरलेला आणि दुसऱ्याचा सिंथेसायझर वरून विजेसारखा चमकून जाणारा.

१९७४ साली मिलानच्या ट्रायडेंट या छोट्या कंपनीनं त्यांची पहिली तबकडी काढली. तिच्यावरचं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘कोन्फेस्सिओने’, म्हणजे ‘कबुलीजबाब’. आपल्या पापांचा पाढा वाचायला आलेला एक माणूस आणि समोर ऐकणारा मठातला साधू, असा त्याचा प्रसंग. संगीत अंगावर येणारं, बासरी धाप लागल्यासारखी, कानालीचा आवाज कधी विनवणीचा तर कधी भांडणाचा. मान्झोनीच्या गावातल्या पोरांनी हा प्रसंग निवडावा यात आश्चर्य नाही. पण कादंबरीतला साधू हा स्वतःच पापातून वर आलेला, म्हणून दयाळू. गाण्यातल्या पोराला मात्र मठाच्या भिंतीकडून दयेची खात्री नाही. दीडशे वर्षांत एवढा फरक पडला होता. त्याच तबकडीवर आत्महत्या केलेल्या मित्राविषयी एक गाणं आहे, एक बर्फ पडण्याविषयी आहे. विशीतल्या माणसांनी मरणाचा इतका विचार का करावा, असं ऐकताना वाटून जातं.

पण तो काळच तसा होता. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियात्सा फोन्ताना या चौकातल्या बँकेत बॉम्ब फुटला आणि इटलीचं एक भीषण दशक सुरू झालं. १९७४च्या मे महिन्यात ब्रेशाच्या चौकात सभा चालू असताना स्फोट, ऑगस्टमध्ये इतालिकुस या आगगाडीत स्फोट. आमच्या या बँडची तबकडी याच वर्षातली. मिलान आणि ब्रेशा ही दोन्ही शहरं लेक्कोहून फार लांब नाहीत.

आता ट्रायडेंट कंपनीविषयी. ही काही मोठी ग्रामोफोन कंपनी नव्हे. तिनं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या तबकड्या काढल्या. पण निवड बघा. रोमच्या ‘सेमिरामिस’ या बँडची १९७३ची तबकडी याच कंपनीची. त्यात गाणारा, गिटार वाजवणारा मिकेले झार्रिल्लो त्या वेळी सोळा वर्षांचा होता. पुढे तो प्रेमगीतांचा लोकप्रिय गायक झाला. अशा पोरांवर पैसा लावायला धाडस लागतं. धाडसी माणसांच्या गाठीला पैसा कमी असतो, हे मराठी लघुनियतकालिकांच्या वाचकाला सांगायला नको. त्यात १९७३च्या तेलटंचाईनं तबकड्यांना लागणारा प्लास्टिकचा कच्चा माल महागला. हजार-दोन हजार प्रतींचा व्यवहार करणाऱ्याचं त्यात कंबरडं मोडणारच.

दुसरी तबकडी तयार झाली ती या सांदीत. तिचा निर्माता होता एउजेनिओ फिनार्दी, मिलानचा तरुण गायक. त्याचीही अजून सुरुवातच होती. १९७५ साली त्यानं स्वतःच्या पहिल्या तबकडीला नाव दिलं ‘खिडकीतून कोणतीही वस्तू बाहेर टाकू नये’. रेल्वेच्या डब्यातली सूचनाच ती. वर्षभरात त्याचं ‘बंडखोर संगीत’ हे गाणं इटलीतल्या तरुणांच्या तोंडी झालं. फिनार्दीची गाडी स्टेशनातून सुटली. त्यानं ज्यांचं काम करून दिलं होतं ते फलाटावरच राहिले, कारण टेपा तयार असतानाच ट्रायडेंटनं गाशा गुंडाळला.

कंपनी बुडाली म्हणून गाणी बुडाली, हा सरळ हिशोब. पण दुसऱ्या कुणी ती का उचलली नाहीत? याचं उत्तर शोधताना पुढच्या दोन-तीन वर्षांकडे बघावं लागतं. इटलीत तेव्हा ‘आउतोरिदुत्सिओने’ नावाची एक चळवळ होती. बसचं भाडं, विजेचं बिल, सगळ्याची किंमत लोकांनीच आपल्या मनानं कमी करून द्यायची. ती संगीताच्या मैफलींपर्यंत आली. संगीत सगळ्यांचं आहे, तिकीट कसलं, असं म्हणत पोरं दरवाजे फोडून आत शिरू लागली. १९७६च्या जूनमध्ये मिलानच्या पार्को लाम्ब्रो या उद्यानात ‘रे नूदो’ या मासिकानं भरवलेल्या उत्सवात खायच्या गोठवलेल्या कोंबड्यांची लूट झाली, मारामाऱ्या झाल्या. १९७७च्या सप्टेंबरात मिलानमध्येच सान्ताना या अमेरिकी कलावंताच्या मैफलीत पेट्रोलबॉम्ब पडले. मग परदेशी बँड इटलीत यायला धजेनात, आयोजक हात आखडते घेऊ लागले, आणि लहान बँडना जे मांडव मिळायचे ते नाहीसे झाले.

याच काळात रेडिओही बदलला. तोपर्यंत इटलीत सरकारी ‘राई’ची मक्तेदारी होती. त्या मक्तेदारीतही ‘पेर वोई जोवानी’, म्हणजे ‘तुम्हा तरुणांसाठी’, असा एक कार्यक्रम १९६६ पासून दहा वर्षं चालला, आणि नवं लांबलचक संगीत त्यातून घरोघर गेलं. १९७६ साली तिथल्या घटनापीठानं स्थानिक खासगी रेडिओला मोकळीक दिली. गल्लोगल्ली केंद्रं निघाली. स्वातंत्र्य आलं याचा आनंद मानायला हवा. पण खासगी केंद्राला जाहिरात लागते, आणि पंधरा मिनिटांच्या रचनेत जाहिरात घुसवायला जागा नसते. एकाधिकार होता तेव्हा अवघड संगीताला एक खिडकी होती, आणि दारं सताड उघडली तेव्हा ती बंद झाली. रेडिओवर बोलताना हे सांगायला मला थोडं विचित्र वाटतं, पण तसं झालं खरं.

आणखी एक कारण राजकारणाचं. या बँडकडे डावे तरुण संशयानं बघू लागले होते. एवढी गुंतागुंत, एवढी पुराणं नि राजवाडे, यात कामगाराचं काय? ‘मुझेओ रोझेनबाख’ या बँडला तर हा संशय फारच महागात पडला. त्यांनी १९७३ साली नीत्शेच्या झरतुष्ट्रावर एक तबकडी केली. वेष्टणावर अनेक चित्रांचे तुकडे जोडून एक चेहरा केलेला, त्यांत मुसोलिनीच्या पुतळ्याचाही तुकडा होता. झालं, बँडवर फॅसिस्ट असल्याचा शिक्का बसला. संगीत कुणी ऐकलं नाही, वेष्टण मात्र सगळ्यांनी पाहिलं. आज त्या तबकडीची गणना या प्रकारातल्या उत्तम कृतींत होते. त्यांचा ड्रमवाला जानकार्लो गोल्झी पुढे ‘मातिया बाझार’ या सोप्या गाण्यांच्या बँडमध्ये गेला आणि नामांकित झाला. पोट आणि टाळ्या दोन्ही तिकडे होतं, त्याला दोष कोण देणार?

आमचे लेक्कोवाले मात्र विखुरले. बाफ्फो बान्फी एकटाच यंत्रांच्या संगतीत बसला आणि १९७८ ते १९८१ या काळात त्यानं सिंथेसायझरच्या तीन तबकड्या केल्या. त्यांतल्या दोन जर्मनीतल्या क्लाउस शुल्झ या मोठ्या कलावंताच्या कंपनीनं काढल्या. आणि कानाली? ज्यानं ‘नरकाचं तिकीट’ या नावाखाली साधूपुढचा कबुलीजबाब गायला, तो स्वतःच पुढे साधू झाला. तोस्कानातल्या मिनुच्चानो या डोंगरी गावाजवळच्या मठात तो ‘फ्रा क्लाउदिओ’ म्हणून राहिला. मघाशी ज्याला लक्षात ठेवा म्हटलं होतं, त्या मान्झोनीच्या साधूची इथे आठवण येते. या हकिगतीवर लोक फार खूश होतात, मीही झालो. पण ती सांगताना एक काळजी घ्यावीशी वाटते. गाणं अपयशी झालं म्हणून माणूस मठात गेला, असं सोपं गणित कुणी मांडू नये. ज्याच्या पहिल्याच तबकडीत पाप, मरण आणि क्षमा याशिवाय दुसरा विषय जवळजवळ नाही, तो माणूस या प्रश्नांच्या मागे आयुष्यभर चालत गेला, असंही म्हणता येईल. मला तरी ही वाट सरळ दिसते.

टेपांचं काय झालं, हे सांगण्याआधी टेप म्हणजे काय ते बघू. पाव इंच रुंदीची प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर लोहाच्या संयुगाची भुकटी चिकटवलेली. स्टुडिओत ती सेकंदाला अडतीस सेंटीमीटर या वेगानं पळते. एका मोठ्या रिळात अर्ध्या तासाच्या आसपास संगीत मावतं. गायकाचा श्वास, बोट सरकल्याचा आवाज, सगळं त्या भुकटीच्या चुंबकी रांगोळीत असतं. रीळ वर्षानुवर्षं गुंडाळून पडलं की एका थराची रांगोळी शेजारच्या थरावर पुसट उमटते. मग गाणं सुरू होण्याच्या किंचित आधी त्याच गाण्याची अगदी अंधुक चाहूल ऐकू येते. तंत्रज्ञ याला दोष मानतात. कवीला ते पटायला जड जातं.

खरा दोष वेगळाच. त्या दशकातल्या अनेक टेपांमध्ये भुकटी धरून ठेवणारा जो डिंकासारखा थर होता, तो हवेतला ओलावा पितो आणि चिकट होतो. अशी टेप यंत्रावर लावली तर किंचाळते, भुकटी सोडते आणि वाजता वाजता मरते. त्यावर उपाय म्हणजे ती मंद आचेवर, पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास, काही तास भाजायची. ओल उडून जाते आणि काही दिवस, काही आठवडे टेप वाजण्याजोगी होते. तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. पापड वाळवणाऱ्या आपल्या बायकांना या शास्त्राचं नवल वाटणार नाही.

पण टेप भाजायला कुणाला तरी ती आधी हवी तरी वाटली पाहिजे. ती हाक इटलीतून आली नाही, ती जपानहून आली. १९८०च्या दशकात जपानच्या किंग रेकॉर्ड्‌स कंपनीनं युरोपातल्या विसरलेल्या रॉक तबकड्या पुन्हा छापायला घेतल्या आणि त्यांत इटलीचा मोठा वाटा होता. घरी ज्या तबकड्या जुन्या बाजारात मिळत, त्यांच्यासाठी तोक्योतला गिऱ्हाईक रांगेत उभा आहे, हे पाहून इटलीतल्या दुकानदारांचे डोळे उघडले. मग कॉम्पॅक्ट डिस्क आली. थोड्या प्रती काढूनही व्यवहार जमू लागला.

सानरेमोतली ‘मेलो रेकॉर्ड्‌स’ ही कंपनी यातूनच निघाली. सानरेमो म्हणजे इटलीतल्या लोकप्रिय गाण्यांच्या वार्षिक स्पर्धेचं गाव. १९५१ पासून तिथे दरवर्षी गाणी जिंकतात-हरतात. जिंकणाऱ्यांच्या या गावात हरलेल्यांची कंपनी निघावी हे मला आवडलं. तिच्या संस्थापकांपैकी एक चिरो पेर्रिनो. हा स्वतः ‘चेलेस्ते’ या बँडचा म्होरक्या. त्याच्या बँडची पहिली तबकडी १९७४ साली ध्वनिमुद्रित होऊन १९७६ साली बाहेर आली, आणि १९७७ साली केलेली दुसरी थेट १९९१ साली. म्हणजे दुसऱ्यांच्या टेपा शोधणाऱ्या माणसाची स्वतःची टेपसुद्धा चौदा वर्षं अडकली होती. असा माणूस कपाटं धुंडाळताना वेगळ्या नजरेनं बघत असणार.

‘पेरणीचे दिवस’ याच मेलोनं काढली. आणि ती एकटी नव्हती. रोममधल्या ‘बुओन वेक्किओ चार्ली’ या बँडनं १९७१-७२च्या सुमारास एक संपूर्ण तबकडी ध्वनिमुद्रित केली होती, ती बाहेर आली १९९० साली. तीनच रचना, त्यांतल्या एकीत ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराची प्रसिद्ध धून खुशाल उचललेली. आणि दुसरीचं नाव ‘पुठ्ठे गोळा करणाऱ्या माणसास’. अशा नावाची कविता मराठीत सत्तरच्या दशकात सहज लिहिली गेली असती. त्या बँडमधला पाओलो दामियानी पुढे जॅझमधला मान्यवर वादक झाला. म्हणजे माणसं वाया गेली नव्हती, फक्त त्यांची सुरुवात कुणाला ठाऊक नव्हती.

सापडलेलं सगळंच सोनं असतं असं मात्र नाही. या व्यापारात ‘हरवलेली अजोड कृती’ हा शब्दप्रयोग फार स्वस्त झाला आहे. तालमीच्या खोलीतली खरखर, अर्धवट गाणी, मैफलीत कुणीतरी लपवून केलेलं ध्वनिमुद्रण, सगळं सुबक वेष्टणात विकलं गेलं. मरणोत्तर प्रकाशित होणाऱ्या कवितांमध्येही हे चालतं. कवीनं जे खोडलं होतं तेच संपादक मोठ्या टाइपात छापतो.

‘पेरणीचे दिवस’ त्यातली नाही. ही तयार झालेली, पूर्ण विचार करून केलेली तबकडी आहे. मला ती पहिलीपेक्षा अधिक टोकदार वाटते. पहिलीत तरुणांचं दुःख पसरलेलं आहे, दुसरीत ते आवळलेलं आहे आणि त्याला उपहासाची धार आली आहे. एका रचनेचं नावच ‘न्यायानं राज्य करण्याची उदात्त कला’. त्या काळच्या इटलीत हे नाव कुणी सरळ अर्थानं घेतलं नसतं. एक गाणं ‘एकटा, पण जिवंत’. एक ‘बापाचं गाणं’. एक ‘जगा, झगडा, विचार करा’. गिटार आणि बासरी एकमेकांच्या अंगावर धावून जातात, दोन्ही जुझेप्पे खालून आग लावतात. आवाजाचा दर्जा पहिलीइतका नितळ नाही, कडा घासलेल्या आहेत. ऐकताना दहा मिनिटांत त्याचा विसर पडतो.

मग १९७५ साली ती निघाली असती तर काय झालं असतं? मला वाटतं, फार काही नाही. मासिकांत दोन परीक्षणं आली असती, शे-पाचशे प्रती खपल्या असत्या, बाकीच्या गोदामात राहिल्या असत्या. पहिल्या तबकडीचं तेच झालं होतं, आणि तिच्या मूळ प्रतींसाठी आज संग्राहक मोठी रक्कम मोजतात. पण ते पैसे एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातात, लेक्कोकडे वळत नाहीत. तेव्हा न निघाल्यामुळे या पोरांचं नुकसान झालं ते कीर्तीचं असेल-नसेल. खरं नुकसान तिसऱ्या तबकडीचं. दुसरी निघाली असती, तिची वाहवा-छी थू काय व्हायची ती झाली असती, तर तिसरी लिहायला बळ आलं असतं. पहिलं पुस्तक उत्साहात होतं, दुसरं हट्टानं. तिसऱ्यात माणूस आपला आवाज सापडल्यासारखा बोलतो. ती तिसरी तबकडी कुठल्याही कपाटात नाही. ती कितीही शोधली तरी सापडणार नाही, कारण ती कधी झालीच नाही.

ऐकणारेही बदलले. १९७५ साली ही गाणी ज्यांच्यासाठी होती ते लेक्कोतले, मिलानमधले विशीतले कामगार, विद्यार्थी. ‘झगडा’ म्हटलं की त्यांना नेमका कुठला मोर्चा ते कळलं असतं. १९९२ साली ती ऐकली ती तोक्योतल्या, लंडनमधल्या, अमेरिकेतल्या षोकिनांनी, ज्यांतल्या बहुतेकांना इटालियन येत नाही. त्यांनी बासरी ऐकली, ऑर्गन ऐकला. शब्द त्यांच्यासाठी एक वाद्य होतं. मलाही इटालियन येत नाही. भाषांतराच्या काठीनं चाचपडत मी गेलो, तेव्हा उपहासाची धार माझ्या बोटाला लागली ती अर्धीच असणार.

पुढे या बँडमधले काही जुने साथी लेक्कोत पुन्हा एकत्र आले. त्यांनी नावाच्या शेवटी ‘फोक’ असा शब्द जोडला, लोकवाद्यं घेतली, गायला एक बाई आल्या, आणि २००९ साली जुनी गाणी नव्या अंगानं बांधून तबकडी काढली. विजेच्या गडगडाटाखाली गावच्या नाचाची एक लय दडलेली होती, ती त्यांनी वर आणली. वयानं साठीकडे झुकलेली माणसं स्वतःचीच विशीतली गाणी गात होती. २०१५ साली आणखी एक तबकडी आली. तिला नाव काय द्यायचं याचा त्यांना फार विचार करावा लागला नसावा. सतरा वर्षं कपाटात राहिलेल्या त्या टेपवरच्या एका गाण्याचंच नाव त्यांनी घेतलं: ‘जगा. झगडा. विचार करा.’